भिंतीतली ऊर्मिला

ट्राम मध्येच थांबली तेव्हा श्रीधर आधी वैतागलाच. ऑफिसात सकाळची मीटिंग, त्यात स्टुटगार्टहून आलेले दोन खडूस साहेब, आणि ही बया रुळांवर नुसती ठाण मांडून उभी. ड्रायव्हरनं स्पीकरवरून सांगितलं, पुढं आग लागली आहे, बंब रस्त्यात उभे आहेत, गाडी इथंच संपते, सगळ्यांनी उतरून घ्यावं. डब्यात कोणी हूं की चूं केलं नाही. कोलोनची माणसं एरवी ट्राम जरा उशिरा आली तरी तोंड वाकडं करतात, पण आग म्हटल्यावर सगळी निमूट उतरली आणि पिशव्या सावरत चालू लागली. श्रीधरही उतरला. लॅपटॉपची बॅग एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेत तो साहेबांना द्यायचं कारण मनातल्या मनात जुळवत होता, तेवढ्यात नाकात वास शिरला. भिजलेल्या कोळशाचा, जुन्या व्हार्निशचा आणि आणखी कशाचा तरी. कोणाचं तरी गोडाऊन पेटलं असेल, असं म्हणत त्यानं कोपऱ्यावरची बेकरी ओलांडली आणि मान वर केली. समोर नेहमीचं चर्च होतं, नेहमीचा विटांचा मनोरा होता, पण मनोऱ्याच्या शेजारी जिथं काळपट उतरतं छप्पर असायचं तिथं आभाळ दिसत होतं. छान निळं, एप्रिलमधलं आभाळ. इथून आभाळाचा एवढा तुकडा आपल्याला कधी दिसला नव्हता, एवढंच त्याला आधी सुचलं. मग तो धावत सुटला.

रस्त्यात लाल-पांढरी फीत ताणलेली होती. तिच्याखालून वाकून तो आत घुसला आणि हेल्मेट घातलेला जो पहिला माणूस दिसला त्याचा दंड धरून म्हणाला, "माझी बायको आत आहे." अगदी स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाला. त्या माणसानं एक शब्द विचारला नाही. वळून ओरडला, आणि बंबापाशी पाणी पीत उभे असलेले दोघं बाटल्या टाकून, तोंडावर मुखवटे ओढत दाराकडे धावले. दारातून अजून धूर येत होता. "कुठल्या बाजूला?" त्या माणसानं विचारलं. "डावीकडं," श्रीधर म्हणाला, "डावीकडच्या भिंतीत. वरून दुसऱ्या ओळीत." तो माणूस थांबला. "भिंतीत?" त्यानं श्रीधरच्या तोंडाकडे पाहिलं. तोवर गर्दीतून फ्राऊ विंकलर आल्या. त्या चर्चच्या ऑफिसात बसायच्या. चाव्यांचे सगळे जुडगे त्यांच्याकडे. अंगावर घरातला गाऊन आणि त्यावर नवऱ्याचा कोट अशा अवतारात त्या आल्या आणि त्या माणसाच्या कानाशी काहीतरी बोलल्या. त्यानं शिट्टी वाजवून धावणाऱ्या दोघांना परत बोलावलं. मग हेल्मेट काढलं. तो रागावला असता, निदान चिडून दोन शब्द बोलला असता तर बरं झालं असतं. पण त्यानं फक्त श्रीधरच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात गरम होता. शरमेनं मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते श्रीधरला तेव्हा कळलं. जिवंत माणसं त्यानं आगीत घालायला काढली होती, कोणासाठी, तर दोन वर्षांपूर्वी जळून राख झालेल्या बाईसाठी.

दोन वर्षांपूर्वी ऊर्मिला बॉनच्या ऑफिसातून घरी येताना स्टेशनवर पडली आणि पुन्हा उठली नाही. मेंदूतली शीर फुटली, म्हणाले. सकाळी निघताना तिनं श्रीधरला बजावलं होतं की कुकर लावशील तर झाकणाचं रबर बदल, नाहीतर पुन्हा छताला वरणाचा सडा घालशील. ते तिचं शेवटचं बोलणं. लोकांच्या बायका जाताना काय काय बोलून जातात, आणि आपल्या वाट्याला कुकरचं रबर, असं त्याला पुढं कित्येकदा वाटलं, आणि कित्येकदा त्याच वाक्यावर तो न्हाणीघरात नळ सोडून रडला. तेव्हा व्हिसा नव्हता म्हणून तिची आई कऱ्हाडहून येऊ शकली नाही. साधनाबाई फोनवरच सगळं विचारत होत्या. नेसवलं कोणतं? कुंकू लावलं का? तोंडात गंगा घातली का? तो हो हो म्हणत गेला. आणि मग अस्थींचं निघालं. इथं कायदा असा, की राख घरात ठेवायची नाही. ती स्मशानातच, नाहीतर सरकारनं परवानगी दिलेल्या जागीच राहायला हवी. परदेशी न्यायची तर वकिलातीचे कागद, विमान कंपनीचे कागद, त्याला वेळ लागणार. श्रीधरनं हे भीतभीत सांगितलं, तर साधनाबाई म्हणाल्या, "बरोबरच आहे की. आपल्यात तरी अस्थी घरात कुठं ठेवतात? झाडाला बांधतात, नाहीतर देवळाबाहेर. तुम्ही असं करा श्रीधरराव, एखादं देऊळ बघा. देवाच्या नजरेखाली राहील पोरगी." म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा जर्मन सरकारचं आणि सासूबाईंचं एकमत झालं. कोलोनमध्ये तसलं देऊळ कुठलं आणायचं? पण हे चर्च होतं. पूर्वी इथं माणसं मावत नसत, नंतर येईनाशी झाली, तेव्हा त्यांनी अर्धे बाक काढून भिंतींना कोनाडे केले आणि मेलेल्यांना आत घेतलं. जिवंत गेली आणि मेलेली आली, असं ऊर्मिलाच एकदा त्या दारावरून जाताना हसत म्हणाली होती. कोनाड्याला करड्या दगडाचं झाकण, झाकणावर नाव. ऊर्मिलाच्या वर एक म्हातारा बेकरीवाला, खाली जोडीनं एक आजी-आजोबा. साधनाबाईंना फोटो पाठवला. त्या म्हणाल्या, शेजार चांगला आहे.

मग नेणं राहिलं. खरं सांगायचं तर राहू दिलं. आधी पितृपक्ष आला, म्हणून नको. मग लेकीची, इराची, शाळा होती. मग थंडी होती, मग प्रोजेक्ट होता, मग कऱ्हाडला पूर होता. साधनाबाई दर फोनला विचारायच्या, "कधी आणताय? प्रीतिसंगमावर सोडू तिला. अडकलीय हो ती." आणि तो दर फोनला "बघतो आई" म्हणायचा. कागद कधीच तयार होते. ड्रॉवरमध्ये त्यांचा गठ्ठा पडून होता, आणि तो ड्रॉवर श्रीधर उघडत नसे. शनिवारी बाजार करून येताना तो चर्चमध्ये शिरायचा, भाजीची पिशवी पायाशी ठेवायचा आणि झाकणावर तळवा टेकवायचा. दगड कायम गार असायचा. तो काही बोलायचा नाही. बोलणारी ती, तो ऐकणारा. लग्नानंतर पहिल्या वर्षी ती म्हणाली होती, तुझ्याशी भांडायचं म्हणजे दोन्ही बाजू मलाच मांडाव्या लागतात. आता तिची बाजू बंद पडली होती आणि त्याची तर कधी सुरूच नव्हती. पण तळव्याखाली तो गारवा असायचा, आणि तेवढ्यावर त्याचा आठवडा निघायचा. नदीत सोडली की ती गेली. मग शनिवारी हात कुठं टेकायचा? हे सासूबाईंना कसं सांगणार? त्या म्हणाल्या असत्या, अहो श्रीधरराव, तुमच्या हाताचं काय घेऊन बसलात, तिच्या जिवाचं बघा. आणि ते बरोबरच होतं. बरोबर होतं म्हणूनच तो सांगत नव्हता.

त्या दिवशी तो ऑफिसला गेलाच नाही. दुपारी इराला आणायला शाळेच्या फाटकाशी उभा राहिला. ही शाळा चर्चच्या पलीकडच्या अंगाला. वर्गाच्या खिडकीतून धूर दिसला असणार. इरा नऊ वर्षांची. मराठी सगळं कळायचं, पण आई गेल्यापासून विचारलं मराठीत तरी उत्तर जर्मनमध्ये यायचं, तोंडून मराठीचा एक शब्द नाही. ऊर्मिला असताना घरात तिची मराठी बडबड संपता संपायची नाही, "आई आई" करत पोरगी तिच्या मागे मागे फिरायची. आता कधीमधी हो म्हणायला "पापा, या" आणि नाही म्हणायला "पापा, नाइन", बस. श्रीधरनं जोर केला नाही. पोर सावरतेय, हळूहळू येईल, असं तो सगळ्यांना सांगायचा, स्वतःलाही. त्या दिवशी ती दप्तर घेऊन आली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि जर्मनमध्ये म्हणाली, "मला माहितीय." त्यानं तिचं दप्तर घेतलं आणि दोघं घराकडे निघाले. जिन्यात, दाराशी किल्ली लावताना तिनं विचारलं, "मग आता ती कुठे आहे?" श्रीधरनं किल्ली फिरवली. कुलूप उघडलं, तरी तो फिरवत राहिला.

कऱ्हाडला फोन करायचं त्याच्या जिवावर आलं होतं. लावला. चर्च जळलं, छप्पर कोसळलं, कोनाड्यांच्या दोन भिंती खाली आल्या, आतले राखेचे डबे फुटले, सगळ्यांची राख ढिगाऱ्यात मिसळली, असं तो सांगत गेला, जसं काही मशीनचा बिघाड समजावून सांगतोय. पलीकडून आवाज नाही. त्याला वाटलं लाइन कटली. "आई?" "आहे," साधनाबाई म्हणाल्या. मग कऱ्हाडच्या त्यांच्या घड्याळाची टकटक ऐकू येत राहिली. तो वाट बघत होता, आता म्हणतील, दोन वर्षं घसा कोरडा केला मी. आता म्हणतील, तुम्हाला माझी लेक एवढी जड झाली होती का? त्यांनी म्हणावं असंच त्याला वाटत होतं. त्या म्हणाल्या, "देवळात ठेवा, असं मीच म्हणाले होते ना तुम्हाला." आणि मग, "मी येते. या वेळी व्हिसा काढून येते." श्रीधरनं फोन ठेवला. दोघांनी एकच अपराध आपापल्या अंगावर ओढून घेतला होता आणि वाटून घ्यायला कोणी तयार नव्हतं.

मे महिन्यात आग लावणाऱ्याला पकडलं. पोरगाच. एकोणीस-वीस वर्षांचा, त्याच भागातला. त्या वसंतात त्यानं तीन चर्चं पेटवली होती, हे तिसरं. का, ते त्यानं कोणालाच सांगितलं नाही. पेपरात फोटो आला, डोळ्यांवर काळी पट्टी छापलेला. इथं तसाच छापतात, ओळख पटू नये म्हणून. आणि खाली लिहिलं होतं की प्रत्येक वेळी आग लावल्यावर तो तिथंच गर्दीत उभा राहून बघत होता. ते वाचून श्रीधर त्या सकाळची गर्दी पुन्हा पुन्हा आठवू लागला. बेकरीवाली पांढऱ्या एप्रनमध्ये, कुत्रा घेतलेला म्हातारा, सायकल धरून उभी बाई. आणि फितीपाशी पोहोचण्याआधी कोणीतरी बाजूला सरून त्याला वाट दिली होती, "बिट्टे", जा पुढं, म्हणाला होता. तरुण होता का तो? निळं जाकीट होतं का? काळ्या पट्टीखाली तेच डोळे होते का? छे, कसं सांगणार. तो फोटो त्यानं ऑफिसच्या बॅगेत ठेवला, कॅन्टीनमध्ये काढून बघितला, जेवण तसंच टाकून दिलं. संताप यायला हवा होता. ऑफिसातला ग्युंटर टेबलावर मूठ आपटून म्हणाला, असल्यांना कुजवायला हवं तुरुंगात. श्रीधरनं "या, गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणून मान हलवली, पण आतून काही पेटेना. आत दुसरंच चाललं होतं. ऊर्मिलाच्या वेळी इथल्या दाहिनीत त्याला आत नेलं होतं, एक बटण दाखवलं होतं. तुमच्यात जवळचा माणूस अग्नी देतो असं ऐकलंय, तुम्हाला दाबायचं असेल तर दाबा, असं तिथला माणूस फार आदबीनं म्हणाला होता. श्रीधरनं बोट पुढं केलं आणि ते बटणापर्यंत पोहोचेना. शेवटी त्या माणसानंच दाबलं. म्हणजे ऊर्मिलाला अग्नी कोणी दिला? गॅसनं दिला. आणि दोन वर्षांनी आपल्या हातानं, काडी ओढून दिला तो या परक्या पोरानं, जो तिचं नाव वाचूनसुद्धा नीट उच्चारू शकला नसता. जे मी करायचं होतं ते याच्या हातून झालं. असा विचार करतोय म्हणजे आपलं डोकं फिरलंय, हे श्रीधरला कळत होतं. पण विचार काही जाईना.

साधनाबाई आल्या त्या जूनमध्ये, इथला उन्हाळा सुरू होताना. विमानतळावर चाकाच्या खुर्चीत बसून आल्या, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. फोटोतल्यापेक्षा फारच लहान झाल्या होत्या. इराला बघून त्यांनी दोन्ही हातांनी तिचा चेहरा चाचपला आणि म्हणाल्या, "नाक आईचं. कपाळ तुमचं." इरा हसली, आजीची पर्स हातात घेतली, आणि जर्मनमध्ये "ये" म्हणाली. घरी आल्या आल्या त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. मिसळणाच्या डब्यातली मोहरी ऊर्मिलानं भरलेली, दोन वर्षांची. त्यांनी ती वास घेऊन बाजूला काढली, टाकली मात्र नाही. इराला समोर बसवून त्या मराठीत विचारायच्या, ही जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि गंमत म्हणजे दोघींचं चालायचं. पण श्रीधरशी त्यांचं सरळ बोलणं होईना. चर्चवाल्यांचा निरोप आला होता. ढिगारा चाळून झाला होता. ज्यांचे डबे फुटले त्या सगळ्यांची राख एकत्र करून एकाच थडग्यात पुरायची, वर सगळ्यांची नावं. तुम्ही परवानगी देता का? श्रीधरनं त्यांना हे जेवताना सांगितलं. साधनाबाईंचा घास हातातच राहिला.

"पुरायची?"

"हो आई."

"सगळ्यांची एकत्र?"

"आता वेगळी करता येणार नाही, म्हणतात."

"चिमूटभर तरी? अंदाजानं? ती ज्या जागी होती तिथली चिमूटभर?"

"आई, वरून छप्पर पडलं. पाणी मारलं. ती कुठं राहिली असेल, कशी सांगू मी?" त्याचा आवाज चढला. आयुष्यात सासूबाईंवर तो कधी ओरडला नव्हता. "दोन वर्षं तुम्ही विचारत होतात, दोन वर्षं मी टाळत होतो, मला ती इथं हवी होती म्हणून टाळत होतो, झालं? आता ना तुम्हाला, ना मला!"

इरा आपलं ताट उचलून खोलीत निघून गेली. साधनाबाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, मला काय कळत नव्हतं होय? म्हणून तर नुसतं विचारत होते. नाहीतर स्वतःच येऊन घेऊन गेले नसते?" आणि त्या उरलेला भात मुकाट्यानं जेवल्या. पान टाकायची सवय नव्हती त्यांना.

परवानगी द्यायला तिघंही फ्राऊ विंकलरांच्या ऑफिसात गेले. चर्चच्या मागच्या अंगाला ती बैठी खोली होती, आगीतून वाचलेली. तरी भिंतींना तो वास होताच. फ्राऊ विंकलरांनी कॉफी दिली, साधनाबाईंचा हात हातात घेऊन बराच वेळ दाबून धरला. इराला बाहेर अंगणात मांजरीची पिल्लं होती ती बघायला पाठवलं. मग त्या श्रीधरला म्हणाल्या, "आल्झो, बरं, एक विचारू? तुमची मुलगी आता कुठं जाते?" श्रीधरला कळेना. "शाळा सुटल्यावर," त्या म्हणाल्या. "रोज यायची ना. दप्तर खाली ठेवायची, बायबल ठेवायचं ते लाकडी स्टूल ओढून त्याच्यावर चढायची आणि झाकणाला गाल लावून बोलायची. केवढं बोलायची! तुमच्या भाषेत. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण मी दार लोटून घ्यायचे आणि ऐकत बसायचे. भांडायची, हसायची, मध्येच गाणं म्हणायची. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल." साधनाबाई श्रीधरच्या बाहीला हात लावून म्हणाल्या, "काय म्हणतायत त्या? सांगा ना." त्यानं सांगितलं. शेवटचं वाक्य त्याला दोनदा सुरू करावं लागलं. घरात एक शब्द न बोलणाऱ्या पोरीनं आपली सगळी मराठी त्या भिंतीत नेऊन ठेवली होती. आणि त्याला वाटत होतं, शनिवारचा तो गारवा एकट्या त्याचा आहे! सावरतेय म्हणे पोर. दोन वर्षं एका घरात राहून बापाला पत्ता नाही. कोणाचं काय जळलं हे मोजायला निघाला होता तो, आणि सगळ्यात जास्त जिचं जळलं तिला त्यानं विचारलंसुद्धा नव्हतं.

मग फ्राऊ विंकलरांनी कपाटातून एक छोटं पाकीट काढलं. राख वेगळी करता आली नाही, पण हे सापडलं, असं म्हणून त्यांनी ते टेबलावर उपडं केलं. भाजलेल्या मातीचा एक चपटा, गोल खडा बाहेर पडला. बिस्किटाएवढा, कडेला काजळी, वर आकडे कोरलेले. इथं प्रत्येक प्रेताबरोबर असा एक खडा दाहिनीत जातो, त्यांनी समजावलं, विटेच्या मातीचा, म्हणजे तो जळत नाही, आणि मग राखेबरोबर डब्यात राहतो, कोणाची राख ते कळावं म्हणून. हा ऊर्मिलाचा. दोन्ही आगींतून तिच्याबरोबर हा होता. श्रीधरनं जर्मनमधलं मराठीत करून सांगायच्या आत साधनाबाईंनी खडा उचलला होता. तळहातावर घेऊन त्या बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा असा काही झाला होता, की तो मध्येच थांबला. "जीवखडा," त्या म्हणाल्या. "अहो, यांच्यातही जीवखडा असतो?" श्रीधरला वडिलांच्या वेळचं आठवलं, स्मशानात मडक्याला ज्यानं भोक पाडलं तो दगड, दहा दिवस त्याच्यावरच पाणी सोडायचं, तोच गेलेला माणूस म्हणून, आणि दहाव्याला नदीत. "नाही आई, हा नुसता नंबर आहे," असं त्याच्या ओठांवर आलं होतं. त्यानं ते गिळलं. साधनाबाई खडा पदरात बांधत म्हणाल्या, "चिमूटभर राख मिळाली असती तरी मी अंदाजानंच सोडली असती. हा तर तिचाच. चला. नदी कुठं आहे तुमची?"

ऱ्हाइनवर ऊन होतं. रोडेनकिर्शेनच्या बाजूला वाळूचा आणि गोट्यांचा काठ आहे, तिथं माणसं उघड्या अंगानं पडली होती, कोणी सॉसेज भाजत होतं, त्याचा धूर येत होता. श्रीधरनं मुद्दाम वाऱ्याच्या वरच्या अंगाची जागा शोधली. कोळशानं भरलेली एक लांबलचक बोट संथपणे वर चालली होती. साधनाबाईंनी चपला काढल्या, नऊवारीचा काठ जरा उचलला आणि घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या. "गार आहे," म्हणाल्या. पदराची गाठ सोडली. त्या पुटपुटत होत्या, काही श्लोक होता की नुसतं लेकीशी बोलणं होतं, काठावरून कळत नव्हतं. श्रीधर बूट काढून त्यांच्यामागे गेला. आता सुटेल, त्याच्या मनात आलं. आता सुटेल ती, आणि त्याच क्षणी त्याचा उजवा तळवा आपोआप उघडला, काहीतरी टेकायला हवं म्हणून. साधनाबाईंनी मागं वळून हाक मारली, "इरा, ये गं बाळा. मुलगा नाही म्हणून काय झालं, तूच सोड तुझ्या आईला." आणि त्यांनी तो खडा तिच्या हातात ठेवला.

इरा पाण्यात आली. तिनं खडा उलटसुलट करून बघितला, बोटानं काजळी पुसली, मूठ मिटली. प्रवाहाला तिथं बरीच ओढ होती. बोट गेली तिच्या लाटा आता काठाला येऊन लागत होत्या आणि आजीचा तोल जरा हलला. इरानं एका हातानं आजीला धरलं. श्रीधर म्हणाला, "सोड बाळा. आईला जाऊ दे आता." ती बघत राहिली, पाण्याकडे, मग बापाकडे, मग पुन्हा पाण्याकडे. खालचा ओठ दातांत धरलेला होता, तो सुटला.

"आजी," ती म्हणाली, "आईला पोहता येत नाही."

मराठीत म्हणाली. स्वच्छ, ऊर्मिलाच्याच हेलात.

साधनाबाई म्हणाल्या, "खरंच गं. नाहीच येत तिला." त्यांचा आवाज चमत्कारिक येत होता. "घरापासून नदी हाकेवर, पण मीच तिला कधी पाण्यात जाऊ दिलं नाही. सारखे कान फुटायचे तिचे. घाटावर मैत्रिणी डुंबायच्या आणि ही पायरीवर बसून त्यांचे कपडे सांभाळायची." आणि एवढं बोलून, दोन वर्षांत फोनवरही न रडलेली ती बाई होती तिथंच खाली बसली, पाण्यातच, लुगड्यासकट, आणि मोठ्यानं रडायला लागली. उघड्या अंगाची माणसं वळून बघू लागली. श्रीधर त्यांना उठवायला वाकला आणि उठवायच्याऐवजी स्वतःच गुडघ्यांवर आला. इरा दोघांच्या मध्ये उभी होती. ती आजीच्या पाठीवर हात फिरवत होती, आणि बोलत होती. शाळेतलं, मांजरीच्या पिल्लांतलं एक डोळे उघडत नाही त्याचं, पापाला पोळ्या जमत नाहीत त्याचं, सगळं, एकापाठोपाठ एक, न थांबता, मराठीत. तिच्या मिटलेल्या मुठीतला खडा मग कोणीच मागितला नाही.